आधी वेळेवर खा

प्रिय मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला. दिवसभर पोटात काही घालायचं नाही, रात्री रूममेट झोपला की हाताला लागेल ते संपवायचं, मग स्वतःचाच संताप, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. एवढं सगळं लिहून कारण मात्र एकच दिलंस: ‘मनावर ताबा नाही.’ मला हे पटलेलं नाही.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्यांना पुन्हा खातंपितं कसं करावं, हे शोधायचं होतं. त्यासाठी ३६ धडधाकट तरुण आपणहून पुढे आले आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. (कॅलरींचा आकडा मुद्दामच देत नाही, तू लगेच स्वतःशी तुलना करत बसशील.) त्यांना बारीक होण्याचं वेड नव्हतं. तरी त्यांच्या डोक्यात दिवसरात्र खाणंच फिरू लागलं. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागलं, कुणी एकेक घास चिवडत बसू लागलं. चिडचिड वाढली, माणसं नकोशी झाली, कशात लक्ष लागेना. पुढे पोटभर मिळू लागलं, तेव्हा काहींना तुडुंब जेवूनही थांबता येईना.

ओळखीचं वाटतंय ना? तुझं रात्रीचं खाणं ही बरीचशी दिवसभराच्या उपाशीपणाची वसुली आहे. म्हणून ‘आधी मन ताळ्यावर आणतो, मग खाण्याचं बघतो’ हा तुझा बेत उलटा आहे. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडं काहीतरी, आणि जागेपणी चार तासांहून मोठी फट पडू द्यायची नाही. सगळ्यात अवघड जाईल तो सकाळचा नाश्ता, तोही आदल्या रात्री भरमसाट खाल्लेलं असताना. नेमका तेव्हाच तो चुकवायचा नाही.

पण हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेट. बरेच दिवस फारच कमी खाल्लेलं असेल, तर एकदम खाणं वाढवल्यावर रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं, ते धोक्याचं असतं. उलट्या काढत असशील, तर पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन ‘नॉर्मल’ असलं तरी हे होतं, मुलग्यांनाही होतं. तेव्हा ‘मी कुठे तेवढा बारीक आहे’ ही सबब तिथे सांगू नकोस. नुसतं ‘थकवा येतो’ म्हणून गोळ्या घेऊन परतूही नकोस. रक्ततपासणी आणि ईसीजी करायचा का, हे स्पष्ट विचार. तोंडून शब्द फुटत नसतील, तर मला पाठवलेला मेल फोनवर उघडून त्यांच्यापुढे धर. पुढे समुपदेशक शोधताना खाण्याच्या विकारांवर काम केलेलाच शोध. ‘स्ट्रेस घेऊ नकोस’ एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतील.

कॅलरी मोजायचं अ‍ॅप आजच काढून टाक. परीक्षेचं काय, हे नंतर पाहू. उपाशी डोक्याने तू तासन्‌तास एकाच पानावर अडकतोयस, हे तूच लिहिलंयस.

जीव नकोसा वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी रूममेटला उठव, मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

डॉक्टरांकडे एकट्याने जाववत नसेल, तर मी येतो. बाहेर बसेन, आत काय बोललास ते विचारणार नाही. वेळ ठरली की कळव.

तुझा,
सर