आधी कागद, मग करवत: कॅम्परव्हॅनविषयी वाचकांचे प्रश्न

कॅम्परव्हॅनबद्दल, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीबद्दल, आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं सनमायकाचा रंग, पडदे आणि दिव्यांच्या माळांबद्दल होती. त्यांना या वेळी जागा दिलेली नाही. गाडी अडकते, बंद पडते किंवा जिवावर उठते ती कागदपत्रं, वायर, ओल, वजन आणि गॅसमुळे. म्हणून त्याच प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न: १३ आसनांची जुनी फोर्स ट्रॅव्हलर स्वस्तात मिळते आहे. सीट काढून पलंग, ओटा आणि शेगडी बसवायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘आरटीओत कुणी बघत नाही, पंधरा दिवसांत गाडी देतो.’ पुढे जावं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यात प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सीट काढल्या की आसनसंख्या बदलते, म्हणजे पलंग बसायच्या आधीच गाडी आणि आरसी यांची फारकत होते. दंड एक वेळ भरता येईल. पण अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेअरने आत ओटा, शेगडी आणि सिलिंडर पाहिला, तर दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

असं असलं तरी अशा गाडीला कायद्यात जागा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘मोटर कॅराव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात किमान बैठक आणि टेबल, झोपण्याची सोय (सीटचाच पलंग होत असेल तरी चालतं), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा असावी लागते. अशा गाडीच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि तुमच्या पुण्यातच एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांची प्रमाणन-चाचणी होते. एका गाडीसाठी एकट्या मालकाने हा सगळा खटाटोप करणं परवडत नाही. त्यामुळे ज्या बॉडीबिल्डरकडे नेमक्या त्याच मॉडेलच्या आणि त्याच व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीसाठी मंजुरी आहे, त्याच्याकडेच जा. मंजुरीची प्रत आधी हातात घ्या, ती आरटीओत दाखवा, आणि मगच पैसे द्या. ‘मंजुरी आहे, नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

गाडी पिवळ्या पाटीची असेल तर परमिट जमा करणं, थकलेला कर भरणं, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणणं हे सगळं जुन्या मालकाकडून व्यवहाराआधीच करून घ्या. नंतर तो फोन उचलेलच असं नाही.

आणि दोघांपुरतीच सोय हवी असेल, तर गाडीला हातही न लावता काम भागतं. मागची सीट निर्मात्याने दिलेल्या सोयीनुसार दुमडायची आणि डिकीत उचलून ठेवता येईल असा प्लायचा पेटारा ठेवायचा, ज्याचं झाकण उलगडलं की पलंग होतो. पेटारा म्हणजे सामान. फक्त तो पट्ट्यांनी घट्ट बांधलेला हवा.

प्रश्न: व्हॅनमध्ये १५० अँपिअर-तासाची घरगुती इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ठेवली आहे. ती रिले (इंजिन चालू असताना दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच) लावून गाडीच्या बॅटरीला ४ स्क्वेअर एमएम वायरने जोडली आहे. रोज दोन-तीन तास गाडी चालवूनही पहाटे तीनच्या सुमारास फ्रिज बंद पडतो. बॅटरी खराब निघाली का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: बॅटरीला दोष देऊ नका, ती बिचारी उपाशी आहे.

आधी खर्च बघू. ४५-५० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर खातो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे दिवसाला सुमारे ४८ अँपिअर-तास. पंखा २ अँपिअरने दहा तास, म्हणजे २०. दिवे, पंप, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून आणखी २०. बेरीज झाली ९० च्या आसपास. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे १५० मधले हक्काचे ७५ च. बॅटरी काठोकाठ भरलेली असती तरी तुमचा हिशेब तोट्यातच गेला असता.

पण ती भरतच नाही, आणि त्याचं कारण तुमची वायर आहे. ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम. बॉनेटपासून मागच्या कपाटापर्यंत ५ मीटर धरले तर जाऊन-येऊन १० मीटर होतात. २० अँपिअर वाहिले की वाटेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतो. आल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र) १४ देत असला तरी बॅटरीपर्यंत १३.१ पोहोचतात, आणि ट्युब्युलरला नीट भरायला १४.४ च्या आसपास लागतात. शिवाय लेड-ॲसिडचा शेवटचा वीसेक टक्के भाग भरायला कित्येक तास जातात. गाडी कितीही पळवली तरी तो वेळ कमी होत नाही. बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाच्या) गाड्यांत आणखी एक भानगड असू शकते: इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा संगणक मधूनमधून खाली आणतो. अशा गाडीत साधा रिले जवळपास निरुपयोगी.

आता उपाय. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. ती ८०-९० टक्के वापरता येते. रिले काढून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (आल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारं उपकरण) बसवा. लिथियम बॅटरी थेट आल्टरनेटरला कधीही जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि आल्टरनेटर तापून जळतो. वायर १६ स्क्वेअर एमएम, मल्टिस्ट्रँड तांब्याची घ्या. तिची दोन टोकं दोन बॅटऱ्यांकडे जातात, म्हणून दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून वीतभराच्या आत, ६० अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. मधल्या वाटेत पत्र्याला घासून वायर सोलली, तर फ्यूज नसलेल्या टोकाकडून आग लागते. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडं) घाला आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पक्कडीने नव्हे, क्रिम्पिंग टूलनेच दाबा.

एवढं केलं की दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये सुमारे ६० अँपिअर-तास मिळतात. छतावर २०० वॅटचं पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हात दिवसाला ५० च्या आसपास आणखी येतात. पावसाळ्यात ही भर धरूच नका. काढलेली ट्युब्युलर घरी वापरा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, झोपायच्या खोलीत ती नको.

प्रश्न: छत आणि बाजूंच्या पत्र्यामागे ग्लासवूल भरून वर प्लाय मारला. एका पावसाळ्यात कुबट वास सुटला आणि प्लाय फुगला. छताला गळती सापडत नाही.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: बाहेरून गळत नसेल तर पाणी आतलंच आहे. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत जातं. त्यात भाताची वाफ आणि ओले टॉवेल. बाहेर पाऊस पडून पत्रा गार झाला की ही वाफ ग्लासवूलमधून आरपार जाऊन पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरते. ग्लासवूल ते धरून ठेवतं आणि कोकणातल्या हवेत ते पुन्हा वाळत नाही.

सगळं ग्लासवूल काढा. त्यात काहीही वाचवण्यासारखं नाही. गंज घासून झिंक प्रायमर मारा. विशेषतः तुम्ही स्वतः पाडलेल्या भोकांच्या कडांना, कारण गंज तिथूनच सुरू होतो. मग २० ते २५ मिलिमीटरचा बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) एक्सएलपीई, म्हणजे पॉलिइथिलीनचा, फोम पत्र्याला पूर्ण चिकटवा, मागे पोकळी ठेवू नका. स्प्रे फोमचा मोह टाळा. तो दारांच्या आणि खालच्या सिलच्या (दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीच्या) पोकळीत शिरून पाणी निचऱ्याची भोकं बुजवतो, आणि आतला गंज दिसतो तोवर सिल सडलेला असतो. प्लाय आयएस ७१० चा मरीन घ्या आणि कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. पाणी प्लायच्या तोंडावरून नाही, कडेतून शिरतं.

हे सगळं करूनही हवा खेळली नाही तर पुन्हा तेच होईल. छतात एक्झॉस्ट पंखा आणि पलंगाखाली हवा आत यायला जाळी, दोन्ही पाहिजेत. नुसत्या पंख्याने हवा ओढायची कुठून? स्वयंपाक करताना आणि रात्रभर तो मंद गतीवर ठेवा.

प्रश्न: फर्निचर झाल्यापासून मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले आहेत. एकेक जादा पान टाकून घ्यावं का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पान टाकल्याने गाडी वर दिसेल, पण तिची मंजूर वजनक्षमता तेवढीच राहील आणि ब्रेक, ॲक्सल, टायर यांच्यावरचा भारही. आधी पाणी, डिझेल, सामान आणि माणसं भरून वजनकाट्यावर जा. एकूण वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वेगळं वजन घ्या. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर प्लाय एका शीटला ३५ किलोच्या पुढे भरतो, १२ मिलिमीटरचा साधारण २५. सुताराने घरच्या सवयीने सगळीकडे १८ वापरला असणार. फळ्या १२ च्या, दारं ९ ची आणि सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा केला तर शंभर किलो सहज उतरतात. १०० लिटरची टाकी मागच्या दाराशी असेल तर ती दोन ॲक्सलच्या मधे आणा.

प्रश्न: सप्टेंबरअखेर हिमाचलमधल्या स्पितीला जायचं आहे. थंडीत गॅस मंदावतो म्हणतात. रात्री उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपलं तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: कधीही नाही. उभ्या गाडीचा धूर वारा पडला की गाडीखाली साचतो आणि फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. शेगडी पेटवून ऊब घेणं तितकंच घातक. उशीच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि जमिनीलगत एलपीजीचा अलार्म, असे दोन वेगळे बसवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणूनच ५ किलोच्या सिलिंडरचं कपाट आतून हवाबंद, दार फक्त बाहेर उघडणारं आणि तळाला जाळी असलेलं हवं. जोड साबणाच्या पाण्याने तपासा आणि गाडी चालताना सिलिंडर बंद ठेवा.

गॅस मंदावतो हे खरं. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच उकळायचा थांबतो आणि आपल्या घरगुती गॅसमध्ये त्याचं प्रमाण बरंच असतं. सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला न्या, सकाळचा चहा ऊन आल्यावर करा, पण सिलिंडर तापवायला जाऊ नका. स्पितीतलं काझा सुमारे ३,६०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-भाताला कुकर लागणारच. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीचा कट-ऑफ आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या.

प्रश्न: कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून नेता येते असं) कुठे रिकामं करायचं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: २० लिटरची कॅसेट दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. ती ड्रेनेजला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासातच ओता: मुक्कामाचं हॉटेल, होमस्टे किंवा पेट्रोलपंप, पण विचारून आणि नंतर पाणी मारून. नाला, ओढा, गडाचा पायथा, शेताचा बांध कुठेही नाही. फॉर्माल्डिहाइड असलेलं रसायन सेप्टिक टँकमधले जंतू मारतं आणि यजमानाचा टँक तुंबवतं. एन्झाइमवालं घ्या.