वेल्डच्या शेवटी खड्डा पडतो, वायर टिपला (टॉर्चच्या टोकाच्या नळीला) चिकटते: वेल्डिंगची सायकल कशी लावू?

वेर्ण्याच्या शॉपमधल्या तुमच्या ऑटो मिगचा (आपोआप वायर सोडणाऱ्या गॅस-वेल्डिंग मशीनचा) बिघाड सायकलच्या, म्हणजे वेल्ड सुरू होण्यापासून संपेपर्यंतच्या क्रमाच्या, शेपटीत आहे. वेल्डिंगच्या मुख्य करंट आणि व्होल्टेजला हात लावू नका.

आर्क एकदम बंद झाला की वितळलेला धातू आकसतो आणि खड्डा राहतो, पुढे तिथूनच तडा जातो. म्हणून क्रेटर फिल (शेवटी कमी करंटवर खड्डा भरून घेणारी सेटिंग) चालू करा: वेल्डिंग करंटच्या साधारण 60-70 टक्के, अर्धा ते एक सेकंद. मात्र कॅरेज (टॉर्च पुढे नेणारी गाडी) थांबल्यावरच तो वेळ मोजला जायला हवा. बरेच जण इथेच चुकतात. कॅरेज सरकत राहिली तर खड्डा फक्त पुढे जातो, भरत नाही.

वायर टिपला चिकटते म्हणजे बर्नबॅक (वायर थांबल्यावरही आर्क जळत राहण्याचा वेळ) जास्त आहे. 0.02 सेकंदाच्या पायरीने कमी करा. वेल्डमध्येच अडकायला लागली तर एक पायरी परत वाढवा.

प्रीफ्लो (आर्कआधी सुटणारा गॅस) 0.3 ते 0.5 सेकंद आणि पोस्टफ्लो (आर्क बंद झाल्यावर सुटणारा गॅस) एक-दोन सेकंद पुरतो. एका वेळी एकच आकडा बदला, प्रत्येक वेळी भंगार पट्टीवर चालवून बघा.

आणि हो, पावसाळ्यात वायरचं रीळ रात्रभर मशीनवर उघडं ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ते गंजतं, मग वेल्डमध्ये छिद्रं येतात आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रामला.