नव्या फोनवर कोणते ईमेल, कोणते सिंक? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दसरा-दिवाळीला घरोघरी नवे फोन येतात आणि पुढचा महिनाभर माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत मांडलेला असतो. कॅमेरा, बॅटरी, रॅम यांची चौकशी चार दुकानांत केली जाते. ईमेल आणि सिंकसाठी, म्हणजे नंबर, फोटो, कॅलेंडर सगळ्या उपकरणांवर एकसारखे ठेवण्यासाठी, कोणते खाते वापरायचे हे मात्र काउंटरवर दोन मिनिटांत ठरते, आणि बहुतेक वेळा ते ठरवणारा माणूस दुसराच असतो. फोन तीन-चार वर्षांनी बदलतो, खाते राहते. जीमेल २००४ साली सुरू झाले आणि त्या सुमारास काढलेले पत्ते लोक आजही बँकेत देतात. म्हणून या वेळी या एकाच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

पहिलाच स्मार्टफोन घेतला आहे, अँड्रॉइड. जीमेल, आउटलुक की याहू? (नाशिक)

जीमेल. प्ले स्टोअरसाठी गूगलचे खाते लागणारच आहे, त्यावरच ईमेल, नंबर आणि कॅलेंडर ठेवा.

घरात माझा अँड्रॉइड, बायकोचा आयफोन आणि मुलीचा विंडोज लॅपटॉप आहे. सगळ्यांना एकच कॅलेंडर दिसायला हवे. आयक्लाउड घ्यावे का? (पुणे)

नको. आयक्लाउड ही ॲपलची इंटरनेटवरची साठवण-सेवा. ती ॲपलच्या उपकरणांवर उत्तम चालते, पण अँड्रॉइडसाठी तिचे ॲपच नाही. तुमच्या घरासाठी गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट यांपैकी एक निवडा. आयफोनवर गूगल खाते जोडताना मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर यांची वेगवेगळी बटणे दिसतात, ती तिन्ही चालू करा. त्यानंतर कॉन्टॅक्टच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट अकाउंट' गूगल करा. हे राहून गेले तर नवे नंबर आयक्लाउडमध्ये जात राहतात आणि पुढचा फोन अँड्रॉइड घेतला की 'निम्मे नंबर कुठे गेले?' अशी पत्रे येतात.

मात्र तिघांनी मिळून एकच खाते वापरू नका. प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा आणि फक्त कॅलेंडर शेअर करा. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीवर, सगळी भिस्त ठेवणेही मला पटत नाही. सॅमसंगने आपल्या क्लाउडमधली गॅलरी सिंकची सोय २०२१ मध्ये बंद केली, तेव्हा लोकांना आपले फोटो दुसरीकडे हलवावे लागले.

पीओपी घ्यावे की आयमॅप? (इचलकरंजी)

आयमॅप. ईमेल ॲपमध्ये पत्ता जोडण्याच्या या दोन पद्धती आहेत. पीओपी ईमेल एका उपकरणावर उतरवून घेते, आयमॅपमध्ये ते सर्व्हरवर राहतात आणि सगळ्या उपकरणांवर सारखेच दिसतात. कंपनीचा पत्ता असेल तर सर्व्हरची माहिती कंपनीच्या आयटी विभागाकडूनच घ्या.

सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झालाच ना? मग नातवाने टॅबवरून फोटो डिलीट केले तर माझ्या फोनवरून कसे गेले? (सातारा)

सिंकचे काम सगळीकडे एकसारखी स्थिती ठेवणे हेच आहे. एका जागी पुसले की सगळीकडे पुसले जाते, आणि तुमच्याकडे नेमके तेच झाले. बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत. मूळ पुसले तरी ती शाबूत राहते.

आता वेळ घालवू नका. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, आयक्लाउडच्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. तुम्ही पत्रात तारीख लिहिलेली नाही, त्यामुळे हे उत्तर वाचताच आधी ट्रॅश उघडा. कॉन्टॅक्ट गेले असतील तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'बदल पूर्ववत करा' असा पर्याय आहे आणि तो मागच्या ३० दिवसांपर्यंत नेतो. मुदत संपली असेल तर 'रिकव्हरी ॲप' म्हणून मिळणारे काहीही फोनमध्ये टाकू नका. जाहिराती मोठ्या असतात आणि परवानग्या त्याहून मोठ्या मागितल्या जातात. कंपनीच्या अधिकृत मदत विभागालाच विचारा. यापुढे वर्षातून दोनदा तरी फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.

दुकानातल्या मुलाने फोन सुरू करताना नवा जीमेल काढून दिला. पासवर्ड कागदावर लिहून दिला होता, तो कागद हरवला. फोन चालतो आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही ना? (बार्शी)

काळजीचे कारण आहे, आणि हे मी केवळ तुम्हाला लिहीत नाही. निवृत्त शिक्षक, गृहिणी, शेतकरी, लहान दुकानदार, सगळ्यांकडून हीच गोष्ट येते.

काउंटरवर गर्दी असते आणि विक्रेत्याला पुढचे गिऱ्हाईक दिसत असते. तुमचे जुने खाते आहे का, हे विचारायला त्याला वेळ नसतो. तो नवे काढतो. पासवर्ड म्हणून तुमचे नाव आणि पुढे १२३. ओटीपीसाठी तुमचे सिम अजून जुन्या फोनमध्ये असते, म्हणून तो स्वतःचा किंवा दुकानाचा नंबर टाकतो. जन्मतारीख हाताला येईल ती. फोन सुरू होतो, तुम्ही पेढे देऊन घरी येता आणि त्या क्षणापासून तुमचे नंबर, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप अशा खात्यात साठू लागतो, ज्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे.

पासवर्ड विसरला की गूगल 'रिकव्हरी' नंबरवर कोड पाठवते. तो नंबर दुकानाचा असेल तर कोड दुकानात जाईल. तो मुलगा प्रामाणिक असेलही, पण सहा महिन्यांनी तो तिथे नसतो, त्याचा नंबर बदललेला असतो. जन्मवर्ष चुकून अलीकडचे पडले आणि वय गूगलच्या मर्यादेखाली गेले, तर खातेच बंद होऊ शकते. फोन अडकला म्हणून कुणी बटणे दाबून रीसेट केला, तर अँड्रॉइड आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा फोनचे जुने लॉक मागतो. ही चोरीविरुद्धची सोय आहे. पासवर्ड माहीत नसेल तर ती मालकालाच बाहेर ठेवते. मग लोक 'लॉक तोडून देणाऱ्या' दुकानात जातात, पैसे देतात आणि फोन आणखी एका अनोळखी हातात जातो.

आज करायचे ते असे. फोन अजून चालू आहे, तोवर सगळे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये गूगल, मग 'तुमचे गूगल अकाउंट मॅनेज करा', मग 'सुरक्षा'. रिकव्हरी फोन पाहा. तुमचा नसेल तर बदला. रिकव्हरी ईमेल घरातल्या विश्वासू माणसाचा द्या. पासवर्ड बदला. 'तुमची उपकरणे' या यादीत अनोळखी फोन दिसला तर त्याला तिथूनच साइन आउट करा. जन्मतारीख तपासा. नंतर दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा आणि मिळणारे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून रेशनकार्डासोबत ठेवा, फोनच्या पाठीमागच्या कव्हरमध्ये नको. हेही ध्यानात ठेवा की रिकव्हरी नंबर बदलल्यावर सात दिवस गूगल जुन्या नंबरवरही कोड पाठवू शकते, म्हणून आठवड्यानंतर पुन्हा एकदा सगळे तपासा.

तुमचे आधीचे खाते असेल तर दोन्ही चालवत बसू नका. नव्या खात्यातले कॉन्टॅक्ट एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून जुन्यात घ्या आणि नीट आले की नाही ते मोजून पाहा. तोवर काहीही पुसायचे नाही. हे करताना घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा. 'खाते परत मिळवून देतो' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा, कोणालाही ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

दुकानदारांनाही विनंती आहे. फोन ग्राहकाच्या हातात द्या, पासवर्ड त्यालाच टाकू द्या आणि स्वतःचा नंबर कुठेही घालू नका. यात पाच मिनिटे जास्त जातात, तेवढी द्या.

मी तीन वर्षांपूर्वी कॅनडात आलो. जीमेल आणि बँक, दोन्हीचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात. आईने रिचार्ज केला नाही तर? (टोरांटो)

तर नंबर जाईल. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल आणि त्यात किमान शिल्लकही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर काही काळाने तोच नंबर नव्या ग्राहकाला दिला जातो आणि मग तुमचे कोड त्याच्या फोनवर जाऊ लागतात. रिचार्जची जबाबदारी आईवर टाकू नका. जीमेलला कॅनडाचा नंबर आजच द्या आणि फोनमध्येच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप जोडा, म्हणजे कोडसाठी कोणत्याच सिमवर अवलंबून राहावे लागणार नाही. बँकेचे नियम बँकेगणिक वेगळे असतात. परदेशी नंबर नोंदवता येतो का, हे शाखेला लेखी विचारा. तीन वर्षे थांबलात, आणखी थांबू नका.

'१५ जीबी भरले, ईमेल येणे बंद होईल' असा संदेश आला. भाऊ म्हणतो दुसरे खाते काढ. (कोल्हापूर)

आधी संदेश खरा आहे का ते पाहा. अशा नावाने लिंक पाठवून पासवर्ड मागणारे बनावट ईमेल पुष्कळ फिरतात. लिंक न उघडता जीमेलच्या ॲपमधून स्टोरेज तपासा.

खरा असेल तर भावाचा सल्ला बाजूला ठेवा. १५ जीबीची जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांना मिळून असते. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो तिच्यात धरले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. ईमेलने इतकी जागा क्वचितच जाते, ती जाते व्हॉट्सॲपमधल्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, मोठ्या फाइल्स काढा, ट्रॅश रिकामा करा. तरी पुरत नसेल तर पैसे देऊन जागा घ्या, पण ती फोनमधूनच. दुकानात 'क्लाउड पॅक' म्हणून विकले जाते ते घेण्याआधी पावतीवर नेमके कोणाचे आणि किती दिवसांचे लिहिले आहे ते वाचा. जागा भरलेली ठेवून नुसते बसणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्या काळात आलेली पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात.

आयफोनवर जीमेल उशिरा येते. फोन खराब आहे का? (मडगाव)

नाही. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेल ठरावीक वेळाने आणले जाते, म्हणून जीमेलचे स्वतःचे ॲप टाका.

ऑफिसचे ईमेल माझ्या फोनवर जोडताना 'फोनमधील सर्व डेटा पुसण्याचा अधिकार' मागितला जातो. होकार द्यावा का? (ठाणे)

लगेच नको. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिस ईमेलची व्यवस्था) या पद्धतीने जोडलेल्या फोनवरचा सगळा डेटा कंपनीला दुरून पुसता येऊ शकतो. फोन चोरीला गेला तर ती सोय उपयोगी, नोकरी सोडताना हीच तुमचे घरचे फोटो घेऊन जाऊ शकते. आयटी विभागाला लेखी विचारा: पुसले तर पूर्ण फोन पुसला जाईल की फक्त ऑफिसचा भाग? अँड्रॉइडवर 'वर्क प्रोफाइल' मिळत असेल तर तीच मागा, तिच्यात ऑफिसचे सगळे वेगळ्या कप्प्यात राहते. काहीच उत्तर आले नाही तर ऑफिसचे ईमेल ब्राउझरमध्ये वाचा.

केंद्रीय मंत्री झोहोवर गेले. आपणही देशी ईमेल घ्यावे ना? (नागपूर)

झोहो चांगली आणि अनुभवी कंपनी आहे. अमित शहा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला पत्ता तिकडे नेला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. जाहिराती नकोत, व्यवसायाचा स्वतःच्या नावाचा पत्ता हवा, तर जरूर विचार करा. फुकट योजनेत काय मिळते आणि काय नाही, विशेषतः दुसऱ्या ॲपमध्ये जोडता येते का, हे आधी वाचा. पण मंत्र्यांनी बदलले म्हणून जुना पत्ता बंद करू नका. पॅन, बँक, विमा, डीमॅट, आयकर पोर्टल अशी जिथे जिथे तो दिला आहे त्यांची यादी करा, एकेक ठिकाणी बदला आणि वर्षभर जुने खाते चालू ठेवा. रेडिफचे जुने पत्ते सोडू पाहणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवू शकते, म्हणून जुन्या जीमेलमध्येही अधूनमधून लॉगिन करत राहा.

जुना अँड्रॉइड फोन दुकानात बदल्यात देऊन आयफोन घेतला. आता व्हॉट्सॲपचे जुने चॅट येत नाहीत. बॅकअप गूगलमध्ये आहे. (सोलापूर)

गूगलमधला बॅकअप आयफोनवर थेट उतरत नाही. दोन्ही फोन हातात असताना ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' ॲपने चॅट नेता आले असते. फोन देण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा होता.

एक वाट उरते. कोणाचा तरी रिकामा अँड्रॉइड फोन घ्या, त्यावर तुमचेच गूगल खाते आणि तोच मोबाइल नंबर टाकून बॅकअप उतरवा आणि तिथून आयफोनवर चॅट न्या. यासाठी आयफोन रीसेट करावा लागू शकतो, म्हणून त्यातल्या गोष्टींचा बॅकअप आधी घ्या. एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) बॅकअप निवडला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लागेल. ती हरवली असेल तर कुणीही, कितीही पैसे घेऊन, ते चॅट परत आणू शकत नाही. सुरुवात करण्यापूर्वी व्हॉट्सॲपच्या मदत पानावरच्या अटी वाचा आणि जमत नसेल तर ॲपलच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. आयफोनवर नवा बॅकअप घेतलात म्हणून गूगलमधला जुना पुसू नका.