मंगळागौरीच्या खेळांची सवय नसेल तर फ्लॅटच्या हॉलमध्ये फुगडी कशी घालावी?

तुम्ही विचारलंय: बहिणीची पहिली मंगळागौर आहे, दिवसभर खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या दहा-बारा जणी, दहा बाय बाराचा हॉल, कोणते खेळ जमतील?

झिम्मा, सूप नाचवणं आणि साधी फुगडी एवढ्यावरही रात्र छान रंगते. बस फुगडी आणि कोंबडा मात्र गुडघा कुरकुरत असेल तर सरळ वगळा; पूर्ण उकिडवं बसून उड्या मारायच्या असतात, सारा भार गुडघ्यांवर येतो. पिंग्यात कमरेतून वाकून घुमायचं असतं, म्हणून पाठदुखीवाल्यांनी तो बाजूला बसून म्हणावा.

आता फुगडी. या हॉलमध्ये एका वेळी एकच जोडी. टीपॉय बाहेर, सतरंजीही गुंडाळा. ती पायाखाली गोळा होते आणि नेमकी तिथेच पडझड होते. मोजे नकोत, अनवाणी खेळा. जोडवी समोरचीच्या बोटांना सोलतात, त्यांवर कागदी चिकटपट्टी लावा. अंगठ्या काढा, पदर कमरेला घट्ट खोचा, नऊवारी घोट्याच्या वर ठेवा.

जोडी साधारण सारख्या वजनाची हवी. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, अशी हातांची फुली. दोघींची पावलं जुळलेली, चवडे समोरासमोर जवळ. कोपर सरळ ठेवून मागे झुका आणि चवड्यांवर बारीक पावलं टाकत फिरा. नवख्या बायका भीतीने कोपर वाकवतात. मग तोल पुढे येतो, डोकी आपटतात आणि वेग काही येत नाही. पाय लांब टाकला की तो दुसरीच्या पायावर पडतो. तळवे घामेजले तर थांबून पुसा. नजर समोरचीच्या चेहऱ्यावर असली की गरगरणं कमी होतं. थांबताना हात सोडायचे नाहीत: वेग कमी करा, एकमेकींना जवळ ओढा आणि खोली स्थिर होईपर्यंत धरून उभ्या राहा.

पकवा, म्हणजे फुगडीच्या तालावर तोंडाने काढायचा ‘पक् पक्’ आवाज, बघणाऱ्यांनी घालावा, फिरणारीला तेवढा दम उरत नाही. दोन फुगड्यांच्या मध्ये उखाणे घ्या, तेवढाच श्वास खाली बसतो. भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ खेळ संपल्यावर वाढा. भरल्या पोटी गरागरा फिरलं की मळमळतंच.

गरोदर असेल तिने सुपारी-अक्षता, गाणी आणि आरडाओरडा सांभाळावा. तेही काम थोडं नसतं.