कोल्हापूरचा दर बघून कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करू नका

निपाणीच्या भावाने विचारलंय की पॉवर एक्स्चेंजची, म्हणजे विजेच्या बाजारातली, वीज घेऊन इथली कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीकडे मंजूर करून घेतलेला कमाल भार) निम्मी करावी का, कन्सल्टंट तसं म्हणतोय. वाचून पोटात गोळाच आला. २०१३च्या उन्हाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या फौंड्रीने नेमकं हेच केलं होतं.

कोल्हापूरकडचं कागल तुमच्यापासून जवळ, पण एक्स्चेंजने दरासाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यात महाराष्ट्र डब्ल्यू-२ मध्ये आणि कर्नाटक एस-१ मध्ये. मधल्या लाईन भरल्या की बाजार फुटतो, आणि पलीकडे वीज स्वस्त असली तरी अलीकडे महाग होते किंवा मिळतच नाही. आम्हाला दाखवला होता तो देशभराचा सरासरी दर.

खरी चूक आमचीच. एक्स्चेंजवर किती वीज मिळणार याचा निकाल आदल्या दिवशी हातात होता, पण आम्ही दिवसाच्या युनिटची बेरीज बघितली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकचा तक्ता उघडलाच नाही. संध्याकाळच्या ब्लॉकना निम्मीच वीज होती. सातला भट्टीत लोखंड अर्धं वितळलेलं. गोठलं तर लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) जातं, म्हणून हीट, म्हणजे वितळवण्याची ती खेप, पूर्ण केली. इनकमरच्या (बाहेरून येणाऱ्या मुख्य पुरवठ्याच्या) मीटरवर आकडा कमी केलेल्या डिमांडच्या वर चढताना मी समोर उभा होतो. त्या एका संध्याकाळचा दंड महिन्याच्या बिलात आला.

डिमांड परत वाढवायला चार महिने लागले. कार्यालयाचं नाव घेत नाही. दर खेपेला नवा कागद, तोही तोंडी सांगायचे. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या, अगदी साध्या पत्राचीसुद्धा.

लाईनवर जागा असताना एक्स्चेंजची वीज अडवतात, अशी तक्रार काही जण करतात, ती मात्र मला पटत नाही. ३० जुलै २०१२ला बीना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली आणि अख्खा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. एक लाईन गेली तर बाकीच्यांनी भार पेलावा, म्हणून जागा राखतात. राखलीच पाहिजे.

३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं, पुढे आणखी लाईन आल्या. त्यामुळे आमच्याइतकी वाईट वेळ कदाचित येणार नाही. नियमही बदललेत, आणि मी मेंटेनन्सवाला, वकील नव्हे. आजचे तपासूनच घ्या. जमलं तर हीट दुपारी घ्या, सोलरमुळे तेव्हा दर उतरतो.

कन्सल्टंटकडे गेल्या एप्रिल-मेचे संध्याकाळचे एस-१चे ब्लॉकवार दर मागा. सरासरीच पुढे करत असेल तर सही करू नका.