वाचक विचारतात : दुचाकीचा अपघात आणि मोडलेला पाय

प्रश्न : हेल्मेटसक्ती कडक केली की दुचाकी अपघातांचा प्रश्न मिटेल. मग त्याला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न का म्हणता?

उत्तर : मिटेल, पण अर्धाच. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर सक्ती केली आणि वापर ९० टक्क्यांपलीकडे गेला. पण हेल्मेट पायाला वाचवत नाही. रस्त्यांवर जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं दगावतात, त्यातली ९२ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. हे झाले मृत्यूचे आकडे. वाचलेला, पण नडगी मोडून वर्षभर घरी बसलेला कमावता माणूस त्यांत कुठेच नसतो.

प्रश्न : हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर रुग्णालय गाठेपर्यंत काय करावं?

उत्तर : नडगीच्या पुढच्या बाजूला स्नायू नसतो, हाडावर थेट कातडी असते. म्हणून दुचाकीस्वाराची नडगी मोडली की जखम अनेकदा उघडी असते. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. पूड, मलम काही लावू नका. जखमेचा मोबाइलवर एक फोटो काढा आणि स्वच्छ ओल्या कापडाने ती झाका. फोटो असला की प्रत्येक जण कापड उचलून बघत बसत नाही. रक्त वाहत असेल तर हाडाच्या टोकावर नव्हे, बाजूने तळहाताने दाबून धरा.

मग गुडघ्याच्या वरपासून टाचेपर्यंत पोचतील अशा दोन काठ्या किंवा जाड पुठ्ठा पायाच्या दोन्ही बाजूंना लावून बांधा. गाठी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली, तिच्यावर नको. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं नाही तर बांधणी सैल करा.

रुग्णालयात पहिल्या तासात शिरेतून प्रतिजैविक मिळावं, धनुर्वाताचं इंजेक्शनही. खरा घोळ होतो तो पहिल्या छोट्या दवाखान्यात. तिथे माती आत असतानाच वरून टाके घालून जखम बंद करतात. दिसायला छान, पण आत पू धरतो आणि हाडाला जंतुसंसर्ग झाला की महिनोन्‌महिने शस्त्रक्रिया चालतात. अशी जखम शस्त्रक्रियागृहात काही लिटर सलाइनने धुवायची, मेलेलं मांस कापून काढायचं आणि गरजेप्रमाणे बाहेरून सळ्यांची चौकट लावायची असते.

प्लास्टरनंतर दुखणं वाढतच गेलं आणि बोटं नुसती सरळ केली तरी कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. आतला दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात.

प्रश्न : बेशुद्ध माणसाचं हेल्मेट काढावं का?

उत्तर : श्वास नीट चालू असेल तर काच वर करा, हेल्मेट राहू द्या. श्वास थांबला किंवा उलटी घशात अडकली, तरच काढा, तेही दोघांनी. एकाने समोरून जबडा आणि मानेमागचा भाग घट्ट धरायचा. दुसऱ्याने पट्टा सोडवून, सुटत नसेल तर कापून, हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत ते हळूहळू ओढायचं; नाक अडलं तर किंचित मागे कलवायचं. काढलेलं हेल्मेट रुग्णाबरोबर द्या, मार कुठे बसला ते डॉक्टरांना कळतं. ते पुन्हा घालायचं मात्र नाही : आतला थर्माकोल दबून धक्का झेलतो आणि एकदा दबला की पुन्हा फुलत नाही.