फ्लाइट सिम्युलेटर घरून यूट्यूबवर लाइव्ह करायचं तर पीसी कसा असावा? दोन पीसी लागतात का?

तुम्ही विचारलंय की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ खेळता खेळता यूट्यूबवर लाइव्ह जायचंय, त्याला एक पीसी पुरेल की स्ट्रीमिंगसाठी वेगळा घ्यावा, आणि जास्तीत जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत का. मी गेली तीन वर्षं आठवड्यातून दोनदा रात्री जेवणं उरकली की लाइव्ह उडतो, त्यामुळे जे भोगलंय तेच सांगतो.

एकच पीसी पुरतो. दोन पीसीचा सल्ला त्या काळातला आहे जेव्हा व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे नेटवरून पाठवता येईल असा दाबून लहान करायचं काम प्रोसेसरवर पडायचं. आता एनव्हिडियाच्या कार्डात त्यासाठी एनव्हेंक नावाचा वेगळा भागच असतो, आरटीएक्स २० सिरीजपासून पुढचं कुठलंही कार्ड घ्या, चांगलं चित्र देतं आणि गेमला त्याचा फारसा भार जाणवत नाही. ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एन्कोडर म्हणून तोच निवडायचा, x२६४ वर, म्हणजे प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडरवर ठेवायचं नाही.

पण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मला स्वतःला गेम एकदम लोण्यासारखा दिसायचा आणि बघणारी मंडळी चॅटमध्ये लिहायची की दादा विमान झटके खातंय. पंधरा दिवस मी नेटला दोष देत बसलो. झालं असं होतं की सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर टाकून कार्ड ९९ टक्क्यांवर चालवत होतो, आणि ओबीएसला प्रत्येक फ्रेम जुळवायला, म्हणजे गेमचं चित्र, त्यावर कॅमेऱ्याचा चौकोन, खाली उंची-वेगाची पट्टी, हे सगळं एकत्र करायला त्याच कार्डाचा थोडा वेळ लागतो, तो त्याला मिळतच नव्हता. ओबीएसच्या व्ह्यू मेनूत स्टॅट्स म्हणून खिडकी आहे ती उघडी ठेवा, त्यात तीन आकडे वेगवेगळे येतात. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढला तर ग्राफिक्स कार्डाला श्वास घ्यायला जागा नाही, एन्कोडिंग लॅगचा वाढला तर एन्कोडरला झेपत नाही, आणि नेटवर्कवाल्या ड्रॉप्ड फ्रेम्स वाढल्या तर खरंच नेटचं दुखणं. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत हे मला फार उशिरा कळलं.

माझा उपाय साधा होता. गेम ३० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम्सवर लॉक केला, ओबीएसपण १०८० आणि ३० वर ठेवलं, आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करायला लागलो म्हणजे विंडोज त्याला कार्डावर आधी जागा देतं. कार्ड ८०-८५ टक्क्यांवर आलं, झटके गेले. गोळीबाराच्या गेमला ३० चालणार नाही, पण ३६ हजार फुटांवरून अरबी समुद्र बघायला अगदी मस्त चालतं.

आता पैशांचं. या गेममध्ये प्रोसेसरकडे लक्ष द्या असं माझं ठाम मत आहे. डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसचा डिस्प्ले लावा, तिथे स्पष्ट लिहून येतं की आत्ता मेन थ्रेडमुळे (प्रोसेसरवरचं गेमचं मुख्य काम) अडलंय की जीपीयूमुळे (ग्राफिक्स कार्ड). समुद्रावर जीपीयू दिसेल, पण मुंबईला २७ नंबरच्या रनवेवर उतरायला घाटकोपरच्या बाजूने आलात, खाली इमारती, विमानतळावर ट्रॅफिक, की लगेच मेन थ्रेड. तिथे महागडं कार्ड काही करू शकत नाही. म्हणून मोठी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) असलेला प्रोसेसर घ्या, रायझन ७ ७८००एक्सथ्रीडीला ९६ एमबी एल३ कॅश आहे आणि सिमवाले लोक त्याच्यामागे का लागतात ते एकदा उतरून बघितलं की कळतं. बजेट कमी असेल तर टेरेन एलओडीचा (लांबची जमीन किती बारकाईने दिसते त्याचा) स्लायडर १०० च्या आसपास आणा आणि ट्रॅफिक कमी करा.

रॅम ३२ जीबी घ्या, १६ मध्ये गेम, ओबीएस, ब्राउझर सगळं मिळून जीव घुसमटतो. आणि पीसी दुकानातून जोडून आणला तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघा, माझ्याकडे दुकानदाराने बंदच ठेवलं होतं, ६००० ची रॅम कित्येक महिने ४८०० वर चालली.

नेट: राउटरपासून लॅन केबल ओढा, वायफायवर लाइव्ह नको. हा गेम जमिनीचं चित्र उडता उडता नेटवरून खेचत असतो, म्हणजे तुमचं डाउनलोड आणि अपलोड दोन्ही एकाच वेळी कामाला लागतं. मी ६००० केबीपीएसवर पाठवतो, त्याचं तासाला साधारण २.७ जीबी अपलोड होतं, म्हणून प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर आधी हिशोब करा. खरं अपलोड निदान १० एमबीपीएस तरी हवं.

लाइट जाते त्या भागात राहत असाल तर यूपीएस लागेलच, पण साधा ६०० व्हीएचा ३६० वॅटच्या आसपासच देतो, गेम चालू असताना तो पीसी ओढेल याचा भरवसा नाही. मोठा घ्या आणि राउटरपण त्याच्यावरच जोडा, नाहीतर पीसी चालू आणि नेट बंद.

एक छोटी गोष्ट राहिली जी कोणी सांगत नाही. एकदा नीट ओळीत येऊन ५०० फुटांवर होतो आणि जॉयस्टिक मेली, हलवतोय पण विमान ऐकेना, पंख एका बाजूला कलला आणि चाळीस लोकांसमोर विमान रनवेच्या डावीकडे गेलं. वीज वाचवायला पीसीने यूएसबी पोर्ट झोपवला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला ते बंद करू देणारी टिक काढा, आणि जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल तिन्ही असतील तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या.

यूट्यूबवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, ते आजच करून टाका. मग पुणे ते गोवा असं तासाभराचं एक उड्डाण अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असं) लाइव्ह करा, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर हेडफोन लावून पूर्ण बघा, इंजिनच्या आवाजात तुमचं बोलणं बुडतंय का ते तेव्हाच कळेल. अडलात तर स्टॅट्सचे ते तीन आकडे इथे खाली टाका, मी बघतो.